घरची मिरची, कुंडीपासून बरणीपर्यंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी संपत आला की मिरचीचे प्रश्न यायला लागतात आणि मृगाच्या पावसापर्यंत थांबत नाहीत. कुणाच्या रोपाची पानं चुरडलेली असतात, कुणाच्या तिखटाला जाळी धरलेली असते, कुणाला तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत वर्षाची मिरची वाळवायची असते. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे शेवटी. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बिया काढल्या की मिरचीचा तिखटपणा जातो का?

नुसत्या बिया काढून फारसा जात नाही. तिखटपणा कॅप्सेसिन नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि ते तयार होतं मिरचीच्या आतल्या पांढरट शिरेत, जिला बिया चिकटलेल्या असतात. बियांना ते शिरेकडून लागतं. त्यामुळे मिरची सौम्य करायची असेल तर उभी चिरून सुरीच्या टोकाने ती पांढरी शीर खरवडून काढा, बिया आपोआप निघतील. भरल्या मिरच्या करताना एवढं केलं तरी मुलंही खातात.

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. ही एक गोष्ट लक्षात राहिली तर पुढची बरीच उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील. फोडणीत तळलेली मिरची सगळ्या भाजीला तिखट करते आणि वरून घातलेली अख्खी मिरची नुसता वास देते, ते याचमुळे.

२. दुकानात इतक्या सुक्या मिरच्या असतात. कुठली कशासाठी घ्यायची?

आधी एक ठरवून टाका : रंग, तिखटपणा आणि वास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्ही एकाच मिरचीत भरपूर मिळणं दुर्मीळ. लालभडक दिसली म्हणून मिरची तिखट असेलच असं नाही. बहुतेकदा उलटच निघतं.

ब्याडगी ही रंगाची मिरची. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, अंगावर सुरकुत्या असलेली, बेताची तिखट. तिला भौगोलिक मानांकन आहे. संकेश्वरी, म्हणजे ज्या गावाचं नाव तिला लागलं ते संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात आहे, पण तिची बाजारपेठ म्हणून कोल्हापूरकर गडहिंग्लजचंच नाव घेतात. लांब, पातळ सालीची, तिखट आणि वासाची. अस्सल जवारी संकेश्वरी महाग असते आणि दरवर्षी हवी तेवढी मिळतेच असं नाही. लवंगी आकाराने लहान आणि जहाल. ती मूठभरच घालायची, झणका आणण्यापुरती. तेजा आणि गुंटूरकडची मिरची आंध्र-तेलंगणातून येते. तेजा फार तिखट, रंगाला बेताची. विदर्भात भिवापुरी मिरचीचा मान मोठा, नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरची. तिलाही मानांकन मिळालेलं आहे. गोव्यात काणकोणची खोला मिरची आणि पेडण्याकडची हरमल मिरची यांचं तेच. खोला मिरची माशात भरायच्या रेशादच्या मसाल्यात घालून पाहा, ब्याडगी घातलेला मसाला त्यापुढे फिका वाटतो.

‘काश्मिरी’ म्हणून जी विकली जाते तिच्याबद्दल मी जरा साशंकच असते. बऱ्याच दुकानांत त्या नावाखाली ब्याडगीच्याच जातीची मिरची पोत्यात असते. रंगासाठी घेत असाल तर बिघडत नाही, फक्त काश्मिरीचा भाव देऊ नका.

घरातल्या रोजच्या तिखटासाठी मी निम्मी ब्याडगी आणि निम्मी संकेश्वरी सांगते. झणझणीत हवं असेल तर किलोमागे मूठभर लवंगी वाढवा.

३. कुंडीत मिरची लावायची आहे. कुंडी केवढी, माती कशी?

एका झाडाला दहा ते बारा इंचांची कुंडी पुरते. एका कुंडीत दोन रोपं लावायचा मोह आवरा, दोन्ही रोपटी रोडावतात. दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवं. पूर्वेच्या बाल्कनीत सकाळचं चार तासांचं ऊन मिळत असेल तर झाड येईल, मिरच्या कमी लागतील.

निम्मी माती, पाव भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि पाव भाग कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. ताजं शेण घालू नका, मुळं भाजतात. कुंडीच्या तळाला भोक मोकळं हवं, कारण मिरचीला पाण्याचा ताण थोडाफार सहन होतो, पण मुळाशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. मातीत बोट पहिल्या पेरापर्यंत खुपसून पाहा. कोरडं लागलं तरच पाणी घाला.

४. घरातल्या सुक्या मिरचीचं बी पेरलं तर उगवेल का?

मिरची उन्हात वाळवलेली आणि गेल्या हंगामातली असेल तर बहुधा उगवेल. भाजलेली, भट्टीवर वाळवलेली किंवा दोन-तीन वर्षं डब्यात पडलेली असेल तर आशा सोडा. संकरित वाणाच्या मिरचीचं बी उगवतं खरं, पण झाड आईसारखं निघेल याची खात्री नाही. बाजारातल्या बऱ्याच हिरव्या मिरच्या संकरितच असतात. बी धरायचं तर देशी किंवा सरळ वाण घ्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती कुंडीत छान दिसते, मिरच्या झुपक्याने लागतात. पुसा ज्वाला लांब, सुरकुतलेली, रोजच्या वापराची.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, साधारण अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, माती ओलसर ठेवा. पंचवीस ते तीस अंशांत आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. थंडीत तीन आठवडेही लागतात, म्हणून डिसेंबरात पेरून लगेच निराश होऊ नका. रोप चार-पाच इंचांचं झालं की संध्याकाळी मोठ्या कुंडीत हलवा. आपल्याकडे मे-जूनमध्ये किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेलं बी सगळ्यात कमी कटकटीचं.

कोवळी रोपं बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडली तर ती मर आहे, बुरशीने येते. पाणी जास्त झालं आणि वारा नाही लागला की हमखास. पडलेली रोपं वाचत नाहीत. उरलेल्यांचं पाणी कमी करा आणि त्यांना मोकळ्या हवेत ठेवा.

५. झाड फुलांनी भरतं, पण मिरची धरत नाही. सगळी फुलं गळतात.

महिना कुठला आहे ते आधी पाहा. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर गेलं आणि रात्रही गरम राहिली की मिरची फूल टाकते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हे होणारच. दुपारी हिरव्या जाळीची सावली करा, जूनची वाट बघा. झाड मेलेलं नाही, थांबलेलं आहे.

ऊन कडक नसताना फुलं गळत असतील तर खताची चौकशी करा. युरिया किंवा नत्राचं दुसरं खत जास्त झालं की झाड हिरवंगार माजतं आणि फळ धरत नाही. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल असं पाणी दिलं तरीही फुलं गळतात. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागांनी फळतं, मधमाशी आलीच पाहिजे असं नाही. पण काचेच्या बंद बाल्कनीत वाराही नसतो. तिथे सकाळी फांदीला हलकी टिचकी मारली तरी काम होतं.

६. पानं चुरडली आहेत. कोणी चुन्याचं पाणी सांगतं, कोणी ताक. नक्की काय करू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. ‘चुरडामुरडा’, ‘बोकड्या’ ही नावं ऐकून लोक घाबरतात आणि दिसेल ते फवारतात. आधी पान नीट पाहा.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे आहेत. फुलाखाली पांढरा कागद धरून फूल झटका, बारीक पिवळट रेघांसारखे किडे पडून चालताना दिसतील. पान खालच्या बाजूला वळलं असेल, देठ लांबट झाला असेल आणि शेंड्याची पानं अरुंद, काळपट दिसत असतील तर कोळी आहे, घरातला जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारी अतिबारीक कीड. कोळी डोळ्यांना सहज दिसत नाही, भिंग लागतं. तिसरा प्रकार म्हणजे पानं लहान, पिवळट, गुंडाळलेली आणि सगळं झाडच खुरटलेलं. तो विषाणू, आणि तो पांढरी माशी आणते.

फुलकिड्यांना लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि चार थेंब भांडी घासायचा द्रव साबण घालून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूनेही. आठवड्याने परत. निळे चिकट सापळे फुलकिड्यांना, पिवळे पांढऱ्या माशीला. कोळ्यांना निंबोळी तेलाचा फरक कमी पडतो. तिथे पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम वापरतात. मात्र तेल फवारल्यावर दोन आठवडे गंधक फवारू नका आणि कडक उन्हात तर अजिबातच नको, पानं करपतात. गंधक फवारल्यावर मिरच्या काढायच्या तर पाकिटावर दिलेले दिवस थांबा आणि धुऊनच वापरा.

विषाणूवर औषध नाही. झाड उपटा, पिशवीत बांधून फेका, कुंडीत परत मिरची लगेच लावू नका. जीव तुटतो, पण ते झाड ठेवलं की पांढरी माशी शेजारच्या कुंड्यांना प्रसाद वाटत फिरते.

चुन्याच्या पाण्याने यातला कुठलाच किडा मरत नाही. ताकाचा उपयोग भुरी, म्हणजे पानावर पिठासारखी पांढरी बुरशी, असेल तर थोडाफार होतो, चुरडामुरड्याला नाही.

७. मिरचीच्या टोकाला काळा, खोलगट डाग पडतो. खाता येईल का?

डाग कोरडा, चामड्यासारखा आणि फक्त टोकाला असेल तर तो रोग नाही. पाणी कमीजास्त झाल्यामुळे फळाला कॅल्शियम पोहोचलं नाही, एवढंच. डागाचा भाग कापून टाका, उरलेली खा. डाग गोल, एकात एक वर्तुळं असलेला आणि मधे काळ्या ठिपक्यांचा असेल तर बुरशीची फळसड आहे. ती मिरची काढून फेका आणि तिचं बी धरू नका, कारण रोग बियांतूनही जातो.

८. एकच झाड किती वर्षं मिरच्या देतं?

शेतात एक हंगाम, कुंडीत दोन-तीन वर्षंसुद्धा. बहर संपला की झाड निम्म्यावर छाटा, वरची दोन इंच माती काढून नवं खत घाला. पहिल्या बहराइतकं उत्पन्न नंतर मिळत नाही.

९. हिरव्या मिरच्या फ्रिजमध्ये चार दिवसांत चिकट होतात. कशा ठेवायच्या?

सड देठापासून सुरू होते. मिरच्या आणल्यावर न धुता देठ काढा, मऊ पडलेल्या वेगळ्या करून आजच वापरा, उरलेल्या कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. कागद ओलसर लागला की बदला. असं केलं तर दोन-तीन आठवडे टिकतात. धुवायच्याच असतील तर पंख्याखाली पूर्ण कोरड्या करून मगच डब्यात.

खूप आल्या असतील तर धुऊन, कोरड्या करून, देठ काढून फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर त्या लिबलिबीत होतात, म्हणून कोशिंबिरीत घालायला उपयोगाच्या नाहीत. फोडणीला गोठलेलीच मिरची चिरून टाका. तिखटपणा कमी होत नाही.

१०. घरची लाल मिरची फ्लॅटमध्ये कशी वाळवू? गच्ची नाही.

पहिलं म्हणजे मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या. अर्धवट हिरवी तोडून वाळवली की पांढुरकी पडते. दुसरं, वाळवताना देठ ठेवा. देठ काढला की तिथून ओल आणि बुरशी दोन्ही आत शिरतात. देठ खुडायचे ते दळण्याच्या दिवशी. तिसरं, तीन ते चार किलो ओल्या लाल मिरचीची जेमतेम किलोभर सुकी होते, त्यामुळे दोन कुंड्यांतून वर्षाचं तिखट निघेल असं मनात आणू नका. घरच्या मिरचीचं वेगळं, थोडंसं, खास तिखट करा.

बाल्कनीच्या कठड्याशी चाळणीत किंवा सुती कापडावर एका थरात पसरा. प्लॅस्टिकवर खालून घाम धरतो. रोज उलटीपालटी करा, संध्याकाळी आत घ्या, कारण रात्रीची दमट हवा दिवसभराची मेहनत परत घेते. मुंबई-कोकणात हे जास्तच जपायला हवं. आठ-दहा दिवस कडक ऊन पुरतं. वाळली की नाही ते असं पाहा : हलवली की बिया खुळखुळतात आणि साल मोडली की कट्टकन मोडते. ब्याडगीची साल जाड, ती थोडी चिवटच राहते. तिला मोडून पाहायच्या आधी शेवटचं एक कडक ऊन जास्त द्या.

ऊनच मिळत नसेल तर ओव्हन साठ अंशांवर ठेवून दार बोटभर उघडं, सात-आठ तास, लागलं तर जास्त. मायक्रोवेव्हमध्ये वाळवायचा प्रयत्न करू नका. ठसका असा लागतो की घर सोडून जिन्यात उभं राहावं लागेल.

११. वर्षाचं तिखट कधी करावं? डंकावर कांडावं की मिक्सरला चालेल?

नवी मिरची जानेवारीपासून बाजारात येते. सुरुवातीला आलेल्या मालात ओल असते, वजन वाढतं आणि तिखटाला पुढे जाळी धरते. मार्च-एप्रिलमध्ये घ्या, घरी आणून आणखी दोन-तीन ऊन द्या. मूठभर मिरच्या मुठीत दाबून सोडल्या तर कडकड आवाज यायला हवा.

डंकावर कांडलेल्या तिखटाला वास जास्त राहतो, कारण कुटताना मिरची गिरणीच्या जात्याइतकी तापत नाही. मिक्सरही चालतो, पण थोडं थोडं करून, भांडं गरम लागलं की थांबून. कुठेही दळा, तिखट परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच भरा. गरम भरलं की बरणीच्या आत वाफ धरते.

काचेची किंवा चिनी मातीची बरणी, दाबून भरलेली, मधे दोन-तीन हिंगाचे खडे. वरचा थर मिठाचा. रोजच्या वापराचं छोट्या डब्यात काढा, मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडायची. उजेडात रंग उडतो, म्हणून काचेची बरणी कपाटात.

कांदा-लसूण मसाल्याचा हिशेब वेगळा. त्यात खोबरं आणि तेल असतं, ते खवट होतं. कांदा कुरकुरीत होईपर्यंत तळलेला आणि खोबरं नीट भाजलेलं नसेल तर चार महिन्यांतच कळतं. सहा महिन्यांपुरता करा, उरलेली मिरची सुकी ठेवा. कोल्हापूरकडे यालाच चटणी म्हणतात, तेव्हा तिकडच्या पाककृतीत ‘दोन चमचे चटणी’ वाचून शेंगदाण्याची घालू नका.

१२. तिखटाला जाळी धरली आहे, आत थोडी बुरशीही दिसते. उन्हात टाकून वापरलं तर?

नुसती जाळी आणि अळी असेल तर काहीजण चाळून, ऊन देऊन वापरतात. मी वापरत नाही, पण तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. बुरशी असेल तर मात्र चर्चा नको, फेका. मिरचीवर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृताला घातक असतं आणि ऊन दिल्याने, भाजल्याने किंवा भाजीत शिजवल्याने जात नाही. दिसते तेवढी बुरशी चमच्याने काढून उपयोग नाही, विष पसरलेलं असतं. अख्ख्या सुक्या मिरचीचंही तसंच : मोडून पाहिल्यावर आत राखाडी किंवा काळी लव दिसली तर ती पोत्यासकट परत करा.

१३. विकतच्या तिखटातली भेसळ घरी कशी ओळखायची?

ग्लासभर पाण्यावर चमचाभर तिखट हलकेच टाका, ढवळू नका. लगेच लाल रेघा खाली उतरायला लागल्या तर पाण्यात विरघळणारा रंग मिसळलेला आहे. तळाशी बसलेला गाळ बोटांनी चोळा. खरखरीत लागला तर विटेचा चुरा किंवा वाळू. ही चाचणी अन्न सुरक्षा प्राधिकरणही सांगतं.

पण तिची मर्यादा ओळखा. बदनाम झालेला सुदान रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. पाण्याच्या चाचणीत तो सापडत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. म्हणून माझा कल अख्खी मिरची घेऊन दळण्याकडे.

१४. सांडगी मिरची मऊच राहते किंवा तळताना काळी पडते. कुठे चुकतं?

आधी हे सांगा, भरलेली की ताकातली? दोन्हींना सांडगीच म्हणतात.

भरलेलीला जाड सालीची, फिकट हिरवी, कमी तिखट मिरची लागते. देठ ठेवून उभी चीर द्या. धणे, मेथी, मोहरी, जिरं थोडं भाजून भरड करा, त्यात हिंग, हळद, मीठ आणि चार चमचे आंबट दही किंवा लिंबाचा रस. सारण ओलसर हवं, ओलं नको. भरून एक रात्र झाकून ठेवायच्या, सकाळी उन्हात. चार-पाच कडक ऊन लागतात.

ताकातलीला मिरचीला टोचे मारून किंवा लहान चीर देऊन मीठ-हिंग घातलेल्या आंबट ताकात रात्रभर बुडवतात, दिवसा मिरच्या उन्हात आणि ताकही उन्हात, रात्री परत ताकात. ताक संपेपर्यंत हा फेरा. ही जास्त आंबट आणि जास्त खुसखुशीत होते.

मऊ राहते कारण ऊन कमी पडलं. ढगाळ आठवड्यात करायला घेतली की हेच. काळी पडते कारण तेल फार तापलं. सांडगी मंद आचेवर तळतात. रंग बदामी झाला की काढायची, बाहेर आल्यावर ती आणखी एक छटा गडद होते. दहीभाताबरोबर खायची असेल तर जेवणाच्या आधी पाच मिनिटं तळा. आदल्या दिवशी तळून डब्यात भरलेली मऊ पडणारच.

१५. ठेचा, खर्डा आणि रंजका किती दिवस टिकतात? लसूण घातलेला ठेचा तेलात बुडवून बाहेर ठेवला तर चालेल ना?

तेलात बुडवून बाहेर ठेवणं हीच त्यातली धोक्याची गोष्ट. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि लसणाबरोबर मातीतले क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे जिवाणू आलेले असू शकतात. त्यांना बिनहवेची, बिनआंबट, ओलसर जागा आवडते. त्यांचं विष वासाने किंवा चवीने कळत नाही. म्हणून लसणाचा हिरवा ठेचा किंवा खर्डा फ्रिजमध्येच ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. तव्यावर मिरची-लसूण तेलात परतून खलबत्त्यात रगडायला दहा मिनिटं लागतात, साठवायची गरजच काय?

टिकवायचाच असेल तर रंजका करा. ताज्या लाल मिरच्या, लसूण, भरपूर मीठ आणि भरपूर लिंबाचा रस. किलोभर मिरचीला दीडशे ग्रॅमच्या आसपास मीठ आणि पंधरा-वीस रसाळ लिंबं. पाणी अजिबात नको. मिरच्या धुऊन रात्रभर कोरड्या झालेल्या हव्यात. मीठ आणि आंबटपणा मिळून जिवाणूंना वाढू देत नाहीत. काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये काही महिने राहतो. वाढताना चमचाभर काढून वर कडकडीत फोडणी.

मिरचीच्या लोणच्यालाही हाच नियम लागू. मीठ ‘तब्येतीला’ म्हणून कमी केलं की लोणचं नासतं. मीठ कमी खायचं असेल तर लोणचं कमी खा.

१६. भाजी जहाल तिखट झाली, पाहुणे दारात आहेत. आता?

पाणी घालू नका, चव पातळ होते आणि तिखटपणा तसाच राहतो. रस्सा असेल तर नारळाचं दूध किंवा शेंगदाण्याचा कूट, वरचा तवंग डावाने काढून बाजूला. कॅप्सेसिन तेलात असल्याने बरंचसं तिखट तवंगाबरोबरच जातं. तो तवंग फेकू नका, उद्याच्या मिसळीला वापरा. सुक्या भाजीत उकडलेला बटाटा किंवा ओलं खोबरं. गुळाने तिखट कमी होत नाही, पण जिभेला कमी वाटतं. जिभेची आग होत असेल तर दूध, दही किंवा साय. थंड पाण्याने आग तोंडभर फिरते.

१७. मिरच्या चिरून हाताची आग होते. डोळ्यात गेलं तर काय करायचं?

हाताला आधी खोबरेल किंवा कुठलंही तेल चोळा, पुसा, मग साबणाने धुवा. उलट क्रमाने केलं तर उपयोग होत नाही. डोळ्यात गेलं तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. दूध, तूप, गुलाबजल काही घालू नका. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी मिरची चिरायच्या आधी लेन्स काढावी किंवा हातमोजे घालावेत. अर्ध्या तासाने आग कमी झाली नाही किंवा धूसर दिसलं तर डॉक्टरांकडे जा.

१८. शेजारच्या कुंडीत ढोबळी मिरची लावली आणि माझी ज्वाला फिकी निघाली. परागामुळे झालं का?

नाही. पराग कुठूनही येवो, या वर्षीच्या मिरचीची साल आणि शीर आईच्या झाडाचीच असते. मिश्रण बियांत होतं, म्हणजे ते बी पुढच्या वर्षी पेरलं तर झाडात फरक दिसेल. बी धरायचं असेल तर दोन-तीन फुलांना उमलण्याआधी पातळ कापडाची पिशवी बांधा आणि त्याच मिरच्या बियांना राखून ठेवा.

या वर्षी फिकी निघाली त्याची कारणं दुसरी : सावली, सततचं पाणी, नत्राचं खत, किंवा मिरची फार कोवळी तोडली. एकाच झाडावर एक मिरची मवाळ आणि दुसरी जहाल निघते ती बहुतेकदा वय आणि जागेमुळे. मिरची मोठी होऊ लागली की पाणी थोडं ताणून द्या, पान जरासं मलूल होईपर्यंत. फरक कळेल.

१९. भूत जोलोकिया लावायची आहे. महाराष्ट्रात येते का?

येते, पण ती आपल्या मिरच्यांपेक्षा वेगळ्या प्रजातीची आहे. ईशान्य भारतातल्या दमट हवेची तिला सवय. कोकणात बरी येते, सोलापूरच्या उन्हात रुसते. उगवायला महिनाही लागतो. १९१२ साली विल्बर स्कोविल यांनी तिखटपणा मोजायची पद्धत बसवली. त्यांच्या नावाच्या मापात भूत जोलोकिया दहा लाखांच्या पुढे जाते आणि २००७ साली गिनीजने तिची जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंद केली. तो मान नंतर दुसऱ्या मिरच्यांनी घेतला. घरात लहान मुलं असतील तर हौस म्हणूनही लावू नका. लाल, गोंडस दिसते आणि मुलं तोडतात.

२०. आम्ही न्यू जर्सीत राहतो. संकेश्वरी, लवंगी मिळत नाही. बदली काय वापरू?

रंगासाठी मेक्सिकन दुकानातली ग्वाहीयो ब्याडगीच्या बऱ्यापैकी जवळ जाते, बिया काढून दळा. झणक्यासाठी सुकी थाय मिरची, लवंगीच्या अंदाजाने. संकेश्वरीच्या वासाला मात्र बदली नाही. ठेच्याला सेरानो घ्या. हॅलपेन्योची साल जाड, ठेचा पाणीदार होतो. कुंडीत लावायचं तर बी शेवटच्या दहिवराच्या (म्हणजे दव गोठण्याच्या) आठ आठवडे आधी घरात पेरा आणि थंडी सुरू व्हायच्या आत झाड छाटून कुंडी घरात घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी लवकर लागते. छाटणीचं प्रश्न ८ मध्ये आहे. भारतातून बी सामानात टाकून नेऊ नका. त्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला आणि परवानगी लागते, नाहीतर विमानतळावर काढून घेतात.

२१. बाल्कनीत पोपट येऊन लाल मिरच्या खातात. त्यांना तिखट लागत नाही? मिरचीचं पाणी फवारू का?

नाही लागत. कॅप्सेसिनने आपल्या तोंडाची आग होते ती ज्या संवेदकामुळे, तो पक्ष्यांमध्ये कॅप्सेसिनला दाद देत नाही. रानात मिरचीचं बी पसरतं ते पक्ष्यांच्याच पोटातून. तेव्हा मिरचीचं पाणी फवारून पोपटांना काही होणार नाही, उंदीर आणि खारी मात्र थोड्या लांब राहतील. पोपटांसाठी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा झाडावर टाका आणि कडा कुंडीच्या काठाला सुतळीने बांधा. गाठ सैल ठेवा, तोडणीच्या दिवशी सोडायला सोपी.